चुकलेल्या प्रश्नांची वही

२०२३ पर्यंत आमच्याकडच्या मुलांना बीएमएस, बीबीए किंवा बीसीएला जायचं असेल, तर बहुतेक ठिकाणी बारावीचे गुण पुरायचे. २०२४ मध्ये हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या अखत्यारीत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षानं त्यांच्यासाठी वेगळी प्रवेशपरीक्षा सुरू केली. पहिली परीक्षा २९ मे २०२४ ला झाली. बऱ्याच मुलांनी ती दिलीच नव्हती, म्हणून ४ ऑगस्टला आणखी एकदा घेतली गेली. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, संगणकावर. त्या शंभरातले चाळीस इंग्रजीचे. तर्क, सामान्यज्ञान आणि संगणक मिळून उरलेले साठ. म्हणजे ज्या विषयाला आमची मुलं सगळ्यात जास्त घाबरतात, त्याच विषयाला सगळ्यात जास्त वजन.

मी पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते आणि राहते डहाणूला. त्यामुळे हे चाळीस प्रश्न माझ्या वाट्याचे. वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी वारली बोलतात, कोकणा बोलतात, काहींकडे धोडिया. बाजारात गुजराती, कारण गुजरातमधली उंबरगाव, संजाण, भिलाड हाकेच्या अंतरावर, आणि कित्येकांचे वडील, भाऊ उंबरगावच्या जीआयडीसीत कामाला. शाळेत मराठी. इंग्रजी या सगळ्यानंतर येते, आणि तीही पुस्तकातच. शिवाय २०२५ ला बारावी झालेली तुकडी घ्या. ही मुलं सहावीत होती तेव्हा, नोव्हेंबर २०१८ पासून, धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. घरात झोपायची भीती, शाळा उघड्यावर नाहीतर तंबूत. ते शमतं न शमतं तोच करोना आला आणि आठवीचं वर्ष घरी गेलं. काळ, प्रयोग, अप्रत्यक्ष कथन यांचा पाया ज्या वर्षांत घट्ट व्हायचा, नेमकी तीच वर्षं गेली. ‘मुलांना ग्रामर येत नाही’ असं कुणी सहज म्हणून जातं, तेव्हा मला राग येतो तो यामुळे.

परीक्षा सुरू झाली तसे सराव प्रश्नसंच आले. पुस्तकांचे आले, मोबाइलवरचे फुकटचे आले. मुलं भराभर सोडवायला लागली. टेकडीवरच्या पाड्यात रेंज नसली तर रस्त्याच्या कडेला, पुलावर बसून सोडवायची. कष्टात कुठे कमी नव्हती. पेपर संपला की पडद्यावर आकडा यायचा. बरोबर उत्तरं हिरवी, चुकलेली लाल. मुलं आकडा बघायची, एकमेकांना विचारायची, “किती आले?” आणि पुढचा संच उघडायची. लाल रकाना कुणी उघडतच नव्हतं. ताप मोजायचा, औषध न घेता थोड्या वेळानं पुन्हा मोजायचा आणि उतरला का नाही म्हणून नशिबाला बोल लावायचा, तसा प्रकार.

उधव्याकडची एक मुलगी होती. बारीक अंगाची, अक्षर मोत्यासारखं. तिनं ढीगभर संच सोडवले होते आणि इंग्रजीचा आकडा हलत नव्हता. “मॅडम, आता मी काय करू?” असं विचारत आली तेव्हा ती रडवेली झाली होती. मी म्हटलं, आता नवा संच सोडवायचा नाही. जुन्या संचांतले फक्त लाल प्रश्न वहीत उतरवून आण.

आणलेल्या प्रश्नांत पहिलाच चूक ओळखण्याचा होता. वाक्याचे तीन तुकडे, चौथा पर्याय ‘नो एरर’. वाक्य असं: “ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वॉक्ड टू द स्टेशन.” तिनं ‘नो एरर’ निवडलं होतं. मी विचारलं, “तुला हे बरोबर का वाटलं?” तिनं लगेच खोडरबर काढला. “चुकलं मॅडम, बट नको.” मी तिच्या हातातून खोडरबर घेतला. “बट नको हे उत्तरसूचीनं सांगितलं. तुला तेव्हा काय वाटलं होतं ते सांग.” बराच वेळ ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, “जरी म्हटलं की तरी लागतंच ना, मॅडम. नाहीतर वाक्य अर्धं वाटतं.”

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मराठीत ‘जरी तो दमला होता’ म्हटलं की कान ‘तरी’ची वाट बघतो. जेव्हा-तेव्हा, जसं-तसं, जो-तो, जिथे-तिथे, आपल्या भाषेत वाक्यं जोडीनं चालतात. इंग्रजीत एका वाक्याला दुसऱ्याशी बांधायला एकच दोरी पुरते. या मुलीला व्याकरण येत नव्हतं असं कोण म्हणेल? तिला व्याकरण पक्कं येत होतं, फक्त ते मराठीचं होतं, आणि तेच तिनं प्रामाणिकपणे इंग्रजीला लावलं होतं. त्या दिवशी आम्ही तिच्या सगळ्या संचांतून असे प्रश्न शोधले. ‘ऑल्दो’ आणि ‘बट’, ‘बिकॉज’ आणि ‘सो’, ‘ॲज’ आणि ‘देअरफोर’. वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या त्या चुका मुळात एकच होत्या. मुलीचा चेहरा बदलला. एवढ्या साऱ्या लाल खुणा म्हणजे एवढ्या साऱ्या अडचणी नव्हेत, हे तिला दिसलं.

तेव्हापासून वर्गात वही सुरू झाली. दोनशे पानी, साधी, पट्टीनं आखलेले चार रकाने. पहिल्यात पूर्ण वाक्य, हातानं लिहिलेलं. दुसऱ्यात आपण दिलेलं उत्तर. तिसऱ्यात ते उत्तर का बरोबर वाटलं. चौथ्यात बरोबर उत्तर आणि त्याचं कारण. बाजारातल्या मार्गदर्शकांत चौथा रकाना असतो, तोही बहुधा नुसतं ‘डी’ एवढाच. तिसरा रकाना कुणीच छापू शकत नाही, कारण तो ज्याचा त्यालाच ठाऊक. मुलांना सगळ्यात जड गेला तो हाच. सुरुवातीला सगळे लिहायचे, ‘माहीत नव्हतं’. मी तो शब्द वर्गात बंद केला. चार पर्यायांतून तू बी निवडलास, म्हणजे बीमध्ये तुला काहीतरी दिसलं. ते काय होतं? ‘लांब होतं म्हणून’ असं कुणी लिहिलं तरी चालेल, पण खरं लिही. एका मुलानं खरंच लिहिलं, ‘तीनदा सी आलं होतं म्हणून बी केलं.’ छान. म्हणजे तिथे व्याकरणाची अडचणच नव्हती, आणि तिथे व्याकरण शिकवत बसण्यात अर्थ नव्हता.

तिसऱ्या रकान्यांनी मला जे शिकवलं ते बीएडच्या पुस्तकात मिळालं नव्हतं. कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ घ्या. प्रश्नसंचात हमखास येणारा प्रकार: “द लिस्ट ऑफ आयटम्स आर ऑन द टेबल.” जवळजवळ सगळा वर्ग याला बरोबर म्हणतो. आपण फळ्यावर नियम लिहितो, कर्ता ‘लिस्ट’, एकवचनी, म्हणून ‘इज’. मुलं मान डोलावतात आणि पुढच्या संचात पुन्हा चुकतात. मी घोलवडच्या चिकूवाडीत सुट्टीत कामाला जाणाऱ्या एका मुलाला फळ्याजवळ बोलावलं आणि वाक्य बदललं: “द बॉक्स ऑफ चिकूज आर हेवी.” विचारलं, मराठीत सांग. तो म्हणाला, “चिकूंचं खोकं जड आहे.” मी म्हटलं, “चिकू तर पुष्कळ आहेत. मग ‘जड आहेत’ का नाही म्हणालास?” वर्ग हसला. असं कोण बोलतं? मराठीत ही चूक तो झोपेतही करणार नाही.

मग इंग्रजीत का करतो? आम्ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि बघत बसलो. उत्तर त्याच्याच तोंडून आलं. “मॅडम, मराठीत खोकं ‘आहे’च्या जवळ आहे. इंग्रजीत चिकू जवळ येतात.” हेच ते. मराठीत ‘चिकूंचं’ आधी येतं आणि मुख्य नाम क्रियापदाच्या बाजूला उभं राहतं. इंग्रजीत मुख्य नाम आधी येतं, मग ‘ऑफ’ची शेपटी लागते आणि त्या शेपटीतलं अनेकवचन क्रियापदाला चिकटतं. मुलं जवळच्या नामाशी क्रियापद जुळवतात, आणि मराठीत ही सवय बरोबरच ठरते. मग नियम पाठ करायची गरज उरली नाही. वाक्य दिसलं की ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंतचा मजकूर अंगठ्यानं झाकायचा. “द बॉक्स… हेवी.” आता कोणीही ‘आर’ म्हणणार नाही. संगणकाच्या पडद्यावर अंगठा ठेवायला कुणाची बंदी नाही, हेही मी सांगून ठेवलं.

‘अ’ आणि ‘ॲन’च्या बाबतीत तर आपली लिपीच मदतीला आली. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे ती कुठे लावायची हा प्रश्न सोपा नाही, तो वर्षभर पुरतो. पण ‘अ’ की ‘ॲन’ एवढंच विचारलं असेल तर तो गुण आमच्या मुलांनी कधीच सोडू नये. पुस्तकं सांगतात, ए, ई, आय, ओ, यू आलं की ‘ॲन’, आणि मग अपवादांची यादी देतात. मुलं यादी विसरतात. मी म्हटलं, शब्द देवनागरीत लिहा. युनिव्हर्सिटी: पहिलं अक्षर य, व्यंजन, म्हणून ‘अ’. अवर: पहिलं अक्षर अ, स्वर, म्हणून ‘ॲन’. ऑनेस्ट, ॲन. युनिफॉर्म, अ. अंब्रेला, ॲन. एमएलए, ॲन. एफआयआर, ॲन. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, “ॲन एसटी बस!” बरोबर, एसटी आली की ‘ॲन’. नियम उच्चाराचा आहे आणि देवनागरी उच्चारच लिहिते. इंग्रजी माध्यमातली मुलं स्पेलिंगकडे बघून अडखळतात तिथे आमची मुलं बाराखडीच्या जोरावर पुढे जातात. त्या दिवशी वर्गात जो आवाज चढला होता तो मला फार आवडला. आपली भाषा आड येते एवढंच या मुलांनी आजवर ऐकलं होतं.

अर्थात आड येतेही. “राम सेड दॅट आय ॲम टायर्ड” यात आमच्या मुलांना काहीच खटकत नाही, कारण ‘राम म्हणाला की मी दमलोय’ हे अस्सल मराठी आहे. ‘की’नंतर आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, ना पुरुष बदलतो, ना काळ. इंग्रजीत ‘मी’चा ‘तो’ होतो आणि वर्तमानाचा भूत. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चंही तेच. ‘२०२२ पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’, आपलं एकच ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, म्हणून ‘सिन्स टू इयर्स’. तिथे एका मुलीनं स्वतःची खूण शोधून वहीत लिहिली: कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर ‘सिन्स’, मोजावं लागलं तर ‘फॉर’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ हेही ‘माझा एक मित्र’मधून आलेलं. ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असं मनात म्हटलं की ‘फ्रेंड्स’ आपोआप येतं.

माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की परीक्षा तोंडावर असताना एवढं खोदत बसायला वेळ कुठे आहे, चार युक्त्या सांगा आणि मोकळं व्हा. व्हिडिओवर शिकवणारेही वाक्य वाचून दाखवतात आणि म्हणतात, ऐका, कानाला कसं वाटतंय? ज्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येतं, ज्यांनी लहानपणापासून इंग्रजी कार्टून पाहिलं, त्यांच्यासाठी ही युक्ती ठीक आहे. सूत्रकारच्या किंवा वेवजीच्या पाड्यावरच्या मुलीचा इंग्रजीचा कान कुठून येणार? तिच्या कानाला मराठी वळणाचं इंग्रजीच गोड लागणार, आणि परीक्षा घेणाऱ्यांनी सापळे नेमके तिथेच लावलेले असतात. म्हणून तिला कारण हवं. आणि कारण तिच्या हाती लागायचं असेल तर सुरुवात तिच्या उत्तरापासूनच करायला हवी. वेळेचं म्हणाल तर, पाच संच सोडवून त्यांचा लाल रकाना न उघडण्यापेक्षा एक संच सोडवून पुढचे दोन दिवस त्याच्यावर बसण्यात वेळ वाचतो.

ही काही माझी नवी कल्पना नाही. मी राहते त्या डहाणू तालुक्यात ती फार जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी मुलाला दोष दिला नाही. मुलं गुरं घेऊन कुरणात जातात हे पाहिल्यावर अनुताईंनी शाळाच तिकडे नेली, तिचं नाव कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हे त्यांनी इथल्या मातीत करून दाखवलं. बारावीच्या मुलानं दिलेलं चुकीचं उत्तर म्हणजे ते मूल आज नेमकं कुठे आहे त्याचा पत्ता असतो.

वहीत पुढे आणखी एक गोष्ट आली, ठिपका. या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही हे मुलांना ठाऊक असतं. पण त्यामुळे हिरव्या खुणाही फसव्या होतात. चार पर्यायांत डोळे मिटून निवडलं तरी काही उत्तरं बरोबर येणारच. म्हणून सराव करताना ज्या उत्तराची खात्री नाही त्यापुढे कागदावर ठिपका द्यायचा, आणि तो प्रश्न हिरवा निघाला तरी वहीत घ्यायचा. मुलांना हे सुरुवातीला अन्यायाचं वाटतं. बरोबर आलंय तर पुन्हा का लिहायचं? पण २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सुरू झालेल्या सीयूईटीत बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात आणि चुकीला १ जातो. तिथे आपली खात्री कुठे आहे आणि कुठे नाही, हे कळणं म्हणजे थेट गुण. पाच वर्षांच्या कायद्याच्या सीईटीला बसणाऱ्या आमच्या दोघा-तिघांनाही हाच सराव कामी आला. तिथे १२० पैकी २४ प्रश्न इंग्रजीचे असतात.

वहीनं सगळं सुटत नाही. शब्दसंग्रह तिनं वाढत नाही, त्याला वाचनच लागतं, आणि वाचायला पुस्तकं लागतात. दिवाळीनंतर घरातली माणसं वीटभट्टीवर गेली की बारावीच्या मुलीवर धाकट्या भावंडांचं जेवणखाण येतं, आणि मग वही आठवडा आठवडा दप्तरातून निघत नाही. त्याला माझ्याकडे उपाय नाही. अशा मुलींसाठी आम्ही एवढंच ठरवलं की रोज एकच लाल प्रश्न घ्यायचा, पण त्याचे चारही रकाने भरायचे. चुलीपुढे बसून तो मनात घोळवता येतो. घाईच्या चुका वेगळ्या. ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ न वाचता उत्तर देणारे पुष्कळ. त्यांच्या तिसऱ्या रकान्यात ‘प्रश्न अर्धा वाचला’ हे वाक्य पुन्हा पुन्हा यायला लागलं की ते आपणच सावध होतात, मला सांगावं लागत नाही.

उधव्याच्या त्या मुलीला वसईकडच्या एका कॉलेजात बीसीएला प्रवेश मिळाला. जाताना ती वही माझ्याकडे ठेवून गेली, मागच्या मुलांना उपयोगी पडेल म्हणून. या वर्षी बारावीत असलेला, डहाणूत गुजराती माध्यमात दहावी झालेला एक मुलगा तिची झेरॉक्स मागत होता. मी झेरॉक्स दिली, पण तिसऱ्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवून काढलेली. त्याला म्हटलं, वाक्यं तिची, रकाना तुझा. आधी स्वतः सोडव, मग जिथे चुकशील तिथे भर. त्याची आणि तिची ‘ऑल्दो-बट’ची चूक तंतोतंत सारखी निघाली. तिसऱ्या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘आमच्यात जोके म्हटलं की छतां येतं.’ बाकी बऱ्याच ठिकाणी ती चुकली होती तिथे तो चुकला नाही, आणि तिनं जे प्रश्न सहज सोडवले होते त्यातल्या काहींत तो अडकला. त्याची वही आता वेगळीच भरते आहे. त्यातल्या शब्दयोगी अव्ययांच्या चुका मला अजून पुरत्या उलगडलेल्या नाहीत. त्यासाठी मी त्याच्याकडून थोडं गुजराती शिकायला घेतलं आहे.